सिंदबाद पुरे, आता शिवण दाखवा: ओमानमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ओमानमधली मराठी मंडळं, आणि मस्कत, सोहार, सूर, सलालाह इथे मुलं वाढवणारे आईबाबा यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही काथ्याने शिवलेल्या नौकांची बांधणी आणि अभ्यास करणारी कोकण-गोव्याकडची मंडळी. ज्या देशात तुम्ही राहता, त्याचा दर्यावर्दी वारसा मुलांपर्यंत पोचेपर्यंत फार पातळ होतो, म्हणून हे पत्र. शाळेचा प्रकल्प असो, मंडळाचा कार्यक्रम असो, नाहीतर गावाकडून आलेल्या पाहुण्यांची सफर. किल्ले, मत्राहचा बाजार, लोबान आणि सिंदबाद, एवढ्यावर विषय संपतो. सिंदबाद सोहारचा, असं तिथे अभिमानाने सांगतात. गोष्ट म्हणून ती गोड आहे, पण गोष्टच आहे. तिच्यामागे जे खरं घडलं त्याच्या खुणा अजून डोळ्यांनी बघता येतात: डांबराचे तुकडे, लाकडातली भोकं, दोरीचे वेढे. मुलांना त्या दाखवा आणि त्यातलं थोडं त्यांच्या हातून करून घ्या, ही आमची मागणी.

निमित्तही ताजं आहे. भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला लागलं. गोव्यात बांधलेलं, केरळच्या कारागिरांनी शिवलेलं. फोटो सगळ्यांनी पाहिले. पण फळ्या दोरीने शिवल्यावर पाणी आत का येत नाही, हा मुलांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर फोटोत नसतं.

सुरुवात रास अल-जिन्झपासून करा. मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने सूर सुमारे २०० किलोमीटर, तिथून पुढे आणखी चाळीसेक. बहुतेक कुटुंबं तिथे रात्री कासवं बघायला जातात आणि पहाटे परततात. त्याच परिसरात इ.स.पू. अडीच हजारच्या आसपासची कोळ्यांची वस्ती १९८५ पासूनच्या उत्खननांत सापडली आणि तिच्यात डांबराचे तीनशेच्या आसपास तुकडे निघाले. या तुकड्यांच्या एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे, दोरीचे आणि चटईचे ठसे आहेत, दुसऱ्या बाजूला समुद्रात नावेच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नेकल या कवचधारी जिवांच्या खुणा. म्हणजे हा नावेच्या अंगावरून खरवडून काढलेला लेप. नाव कुजून गेली, लेप राहिला. तो जपून का ठेवला होता, तर डांबर ओमानमध्ये मिळत नव्हतं, ते इराककडून यायचं आणि पुन्हा वितळवून वापरता यायचं. त्याच वस्तीत सिंधू संस्कृतीतली हस्तिदंती फणी आणि सिंधू लिपीतली चिन्हं असलेली मुद्राही मिळाली. अक्कडचा (प्राचीन इराकमधला) राजा सार्गोन मिरवतो की मेलुहा (सिंधू खोरं), मगान आणि दिलमुन (बहरीन) इथली जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. त्यातलं मगान म्हणजे हाच प्रदेश. सोहारच्या मागच्या डोंगरांतलं तांबं ही मगानची खरी पत होती.

डांबराबद्दल मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. नुसतं डांबर चालत नाही. कडक असेल तर नाव लाटेवर वाकली की तडकतं, मऊ असेल तर उन्हात ओघळतं. म्हणून त्यात बारीक चिरलेलं गवत मिसळत. प्रमाण चुकलं की नाव गेली. २००५ मध्ये अशी एक बारा मीटरच्या आसपासची बोरूची नाव सूरला बांधून कच्छमधल्या मांडवीकडे निघाली. निघाल्यावर लवकरच तिच्यात पाणी भरलं आणि खलाशांना ती सोडून द्यावी लागली. सगळे सुखरूप परतले. पुढे २०२४ मध्ये अबुधाबीत अशीच अठरा मीटरची नाव बांधली, ती समुद्रात नीट चालली. ही दोन्ही उदाहरणं शेजारीशेजारी ठेवा. आम्हाला विचाराल तर बुडालेली नाव जास्त शिकवते. किल्ल्याच्या भिंतीकडे बघून कधी कळत नाही की हे काम किती अवघड होतं.

आता लाकडी जहाजं. मस्कतच्या अल बुस्तान हॉटेलजवळच्या चौकात ‘सोहार’ नावाचं जहाज उभं आहे. त्याच्या शेजारून तुम्ही शंभरदा गेला असाल. नोव्हेंबर १९८० मध्ये ते मस्कतहून निघालं आणि जुलै १९८१ मध्ये चीनमधल्या कँटनला पोचलं. फळ्यांच्या जोडणीत एकही खिळा नाही. लाकूड मलबारातलं ऐनी, म्हणजे आपल्याकडचा पाटफणस. ऐन हे झाड वेगळं, दोघांची गल्लत करू नका. दोर लक्षद्वीपच्या काथ्याचा. गाडी कडेला लावता येत असेल तिथे लावा, जवळ जा आणि फळ्यांच्या सांध्यावर नजर ठेवा. सारख्या अंतराने दोरीचे उभे टाके दिसतील.

दुसरं जहाज बघायला मिळणार नाही, ते सिंगापूरला आहे, पण त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. पोटात चिनी मातीची सुमारे साठ हजार भांडी. एका वाडग्यावर कोरलेला काळ इ.स. ८२६ शी जुळतो. जहाज मात्र चिनी नव्हतं, पश्चिम हिंदी महासागराच्या पद्धतीने शिवलेलं होतं. ओमानने त्यावरून ‘ज्वेल ऑफ मस्कत’ हे अठरा मीटरचं जहाज मस्कतजवळ कंतब इथे बांधलं. ओमानी आणि केरळच्या दोरकाम करणाऱ्यांनी ते मिळून शिवलं. १६ फेब्रुवारी २०१० ला निघून कोची, गॉल, पिनांग करत ते ३ जुलैला सिंगापूरला लागलं.

या बांधणीत क्रम उलटा असतो, आणि मुलांना तो पटकन कळतो. लोखंडी खिळ्यांच्या युरोपी जहाजात आधी फासळ्या उभ्या करतात, मग त्यांवर फळ्या ठोकतात. इथे आधी तळाचा कणा, मग नाळ म्हणजे पुढचा खांब आणि पाठीमागचा खांब, आणि लगेच फळ्या, एकीवर एक, काठाला काठ लावून शिवत वर जायचं. फासळ्या नंतर, तयार झालेल्या टरफलाच्या आकाराला बेतून. त्यामुळे जहाजाचा आकार कागदावर नसतो, सुताराच्या नजरेत असतो. फळीचा काठ इतका तासायचा की दोन काठ जुळल्यावर मधून उजेड दिसता कामा नये. हेच काम सर्वात जास्त वेळ खातं. काठ नीट बसला नसेल तर दोरी कितीही आवळा, गळती थांबत नाही. शिवण फळ्यांना धरून ठेवते; पाणी अडवतो तो काठ, त्यावर दाबून बसवलेली काथ्याची वळकटी आणि फुगलेलं लाकूड.

हे एका शनिवारी मंडळाच्या मुलांकडून करून घेता येईल. दर चार मुलांमागे ६० सेंटीमीटर लांब, १५ रुंद आणि अडीच जाड अशा दोन फळ्या घ्या. साग किंवा आंबा चालेल. पाइन नको, भोकाजवळ चिरतो. काठ तासून उजेडाची परीक्षा घ्या. मग प्रत्येक फळीला काठापासून अडीच सेंटीमीटर आत, सात-सात सेंटीमीटरवर, ८ मिलिमीटरची आठ भोकं पाडा, दोन्ही फळ्यांची भोकं समोरासमोर येतील अशी. काठाच्या फार जवळ गेलात तर आवळताना लाकूड फुटतं. आठही भोकं लाकडाच्या एकाच रेषेवर आली तरी फळी त्या रेषेत उभी चिरते, म्हणून एक भोक दोन-तीन मिलिमीटर पुढे, पुढचं तेवढंच मागे ठेवा. दोरी काथ्याचीच, ४ मिलिमीटरची, आठ मीटर. ती रात्रभर भिजवून ताणून ठेवा, नाहीतर पहिल्याच पाण्यात सैल पडेल. नायलॉन वापरायचा मोह होईल, तो टाळा: नायलॉन गाठीत सरकतो, ताण आला की लांबतो आणि पाण्यात फुगून भोक बुजवत नाही.

आतल्या बाजूने सांध्यावर काथ्याची अंगठ्याएवढी जाड वळकटी ठेवा. एक मूल आत, एक बाहेर. आतलं दोरी बाहेर देतं, बाहेरचं ती शेजारच्या भोकातून परत करतं. उभे टाके दोन्ही बाजूंना, तिरके टाके आत वळकटीवर. प्रत्येक वेढ्यानंतर दोरीत काठी अडकवून तरफेसारखी ओढायची आणि ताण सुटू नये म्हणून पुढचा वेढा येईपर्यंत भोकात लाकडाची खुंटी ठोकून ठेवायची. टोकापर्यंत जाऊन त्याच भोकांतून परत यायचं. शेवटी खुंट्या काढून भोकं काथ्या आणि राळेने गच्च बुजवा आणि सगळ्याला तेल पाजा. ओमानात यासाठी शार्क माशाचं तेल वापरायचे. घरात त्याचा वास सहन होणार नाही, जवसाचं चालेल.

परीक्षा अशी: सांध्याभोवती पोटीनची बुटकी भिंत करून दोन सेंटीमीटर पाणी ओता. पहिल्या काही मिनिटांत गळेल, आणि बहुतेकदा सांध्यातून नव्हे, भोकांतून. पाणी तसंच राहू द्या, कमी होईल तसं भरत राहा. काही तासांत लाकूड आणि काथ्या फुगतात आणि गळती मंदावते. खऱ्या जहाजांचंही असंच. नवं जहाज पाण्यात उतरल्यावर आधी गळतं, मग घट्ट होतं. उन्हात फार दिवस कोरडं राहिलं की पुन्हा गळतं. तळाला चुना आणि चरबीचा लेप देतात, तो लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आणि शेवाळाला अडवतो. लेप झिजतो, म्हणून जहाज वरचेवर किनाऱ्यावर ओढून तो पुन्हा लावायचा. दोरही कायमचा नसतो. काही वर्षांनी शिवण उसवून पुन्हा शिवावी लागते. ‘एवढी मेहनत का?’ असं मुलं विचारतील. त्याला सरळ उत्तर आहे: शिवलेली नाव लवते. फुटणाऱ्या लाटांतून वाळूवर चढवताना खिळ्यांची नाव हादरून सांधे सोडते, ही दणका पचवते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यासाठी, शिवलेल्या होड्या वापरतात त्या याच कारणाने. मे महिन्यात सुट्टीला गावी याल तेव्हा किनाऱ्यावर बघा, सात समुद्र ओलांडायची गरज नाही.

साग ओमानात होत नाही, आणि धोफार सोडलं तर नारळही फारसा नाही; काथ्या आणि साग बाहेरून आणावे लागत. ते या किनाऱ्यावरून जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रमार्गाच्या वर्णनात भडोचहून ओमाना बंदराकडे तांबं, साग, शिसम आणि आबनूस नेत असल्याचं आहे, आणि ओमानाहून अरबस्तानात शिवलेल्या नावा जात असल्याचंही. त्याच वर्णनात कल्याण आणि चौल यांचीही नावं येतात. पुढे कल्हातहून जहाजं भरून घोडे भारतात येत, हे मार्को पोलोनेही नोंदवलं आहे. एकोणिसाव्या शतकात मस्कतचा सुलतान सय्यद सईद याच्यासाठी मुंबईच्या गोदीत मोठी जहाजं बांधली गेली. १८३३ मध्ये मुंबईत बांधलेलं ‘सुलताना’ हे त्यातलंच. ३० एप्रिल १८४० ला ते खजूर, कॉफी, लवंगा, हस्तिदंत घेऊन न्यूयॉर्कला पोचलं, कप्तान अहमद बिन नामान. मुंबईहून मस्कतला गेलेल्या घरातल्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हवं.

सूरला गेलात की ‘फतह अल-खैर’ बघा. १९५१ मध्ये तिथेच बांधलेलं घंजा जातीचं जहाज. ते येमेनला विकलं गेलं होतं. सूरच्या लोकांनी वर्गणी काढून १९९३ मध्ये परत आणलं. नाळेच्या टोकावरचं तीन पाकळ्यांचं नक्षीकाम आणि मागची चौकोनी, कोरीव बाजू यांवरून घंजा ओळखता येतो. बूम ही दुसरी जात, ती दोन्ही टोकांना निमुळती. ‘फतह अल-खैर’ खिळ्यांचं आहे. ‘सोहार’ आधी बघून इथे आलात तर मुलं फरक स्वतः सांगतील. अशी जहाजं हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर आफ्रिकेकडे उतरत आणि वारा फिरला की परत येत. भारताकडे निघायचं तर पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास. जून-जुलैत अरबी समुद्रात शीड उभारणं म्हणजे मरण होतं.

या प्रवासांत काय काय वाहिलं, ते मोठ्या मुलांपासून लपवू नका. लवंगा आणि खजुरांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसंही विकायला आणली गेली. झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला तो १८७३ मध्ये, सुलतान बर्गशने ब्रिटिशांच्या दबावाखाली करार केल्यावर. वारशाच्या कार्यक्रमात हा विषय जड जातो, पण तो वगळून केलेला कार्यक्रम खोटा ठरतो.

आता तारे. इब्न माजिद हा पंधराव्या शतकातला नाखवा-ग्रंथकार. तो जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा. वास्को द गामाला भारताची वाट त्याने दाखवली, ही समजूत अभ्यासकांनी मागे टाकली आहे. मुलांच्या तक्त्यांवरून ते वाक्य काढून टाका. त्याच्या काळी ताऱ्याची उंची ‘इस्बा’ म्हणजे बोटांत मोजत. एक बोट साधारण १ अंश ३६ कला. सरळ उत्तरेला गेल्यावर ध्रुव एक बोट वर यायला आठ झाम लागतात असं मानत, आणि एक झाम तीन तासांचा. हिशेब करून बघा: चोवीस तासांत ९६ सागरी मैल, म्हणजे ताशी चार. शिडाच्या जहाजाचा तो खरोखरीचा सरासरी वेग आहे.

त्यासाठीच्या साधनाचं नाव ‘कमाल’: एक लाकडी पट्टी आणि मधून ओवलेला दोरा, त्यावर प्रत्येक गावाच्या अंतराला एक गाठ. पट्टी १२ सेंटीमीटर उंच करा. खालची कड क्षितिजावर आणि वरची ध्रुवावर टेकेल तेव्हा डोळ्यापासून पट्टीचं अंतर मस्कतला साधारण २८.७ सेंटीमीटर येतं, मुंबईला ३६, पणजीला ४४. सलालाहला ४०, आणि रत्नागिरीलाही ४०, कारण दोन्ही गावं १७ अक्षांशावर आहेत. सलालाहची गाठ दातांत धरून तारा त्याच गाठीवर ठेवत पूर्वेला जात राहिलं तर रत्नागिरीचा किनारा लागतो. अख्ख्या समुद्रावरचा प्रवास एका गाठीवर.

चुका कुठे होतात तेही सांगतो. दोरा दातांत असतो आणि डोळा त्याच्या वर, त्यामुळे गणिताने काढलेली गाठ थोडी चुकते. गाठ प्रत्यक्ष बघूनच मारावी. ध्रुवतारा आज खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर फिरतो. इब्न माजिदच्या काळी तो साडेतीन अंश दूर होता, म्हणून त्याचे आकडे आजच्या आकाशाला तसेच्या तसे लावू नका. मस्कतचा समुद्र उत्तरेला आहे, सूर्य मावळल्यावर तासाभरात तारा आणि क्षितिज दोन्ही दिसतात, काम सोपं. सलालाहला समुद्र दक्षिणेला आणि उत्तरेला डोंगर. तिथे दहा मीटर लांबच्या भिंतीवर, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या मदतीने, आपल्या डोळ्याच्या उंचीची खूण करा आणि तिला क्षितिज माना. खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, महिन्यांत हा बेत ठेवू नका, ढगांत तारा दिसत नाही.

सलालाहला असाल तर पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर सुमहुरम हे प्राचीन बंदर आहे. तिथे १९५२ मध्ये भारतीय घडणीची छोटी धातूची स्त्रीमूर्ती आणि २००६ मध्ये तमिळ-ब्राह्मीत माणसाचं नाव कोरलेलं खापर सापडलं. आणि अल-बलीद या सलालाहच्या जुन्या बंदरात जुन्या जहाजांच्या फळ्या इमारतींत तुळया म्हणून पुन्हा वापरलेल्या मिळाल्या. त्यांना शिवणीची भोकं आहेत. स्वतः फळी शिवलेलं मूल ती भोकं लगेच ओळखेल.

शेवटचं काम मोठ्यांसाठी. बातिनाच्या किनाऱ्यावर खजुराच्या झावळ्यांच्या दांड्यांची ‘शाशा’ नाव, धोफारकडे शिवलेली ‘कंबारी’, मुसंदमकडे जुन्या लाकडी नावा कुठेकुठे अजून पडून असतात. ऊन आणि किडा त्यांना फार काळ ठेवणार नाही. दिसली तर मालकाची परवानगी घेऊन नोंद करा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. नाळ, मागची बाजू, आतून तळ आणि शिवणीचा एक हातभर भाग, हे चार फोटो हवेतच. भोकांमधलं अंतर, फळीची जाडी, दोरी कशाची, वळकटी फक्त आत आहे की बाहेरही, हे लिहून घ्या. भागांची नावं मालकाच्या तोंडून जशी येतील तशी ध्वनिमुद्रित करा, दुरुस्त करू नका. जागेची खूण आणि तारीख टाका. एक प्रत मालकाला द्या, दुसरी जवळच्या संग्रहालयाला. नाव हलवू नका, तुकडा काढून घरी आणू नका.

आपली,
कोकण आणि गोव्यातली काही नौकाबांधणी करणारी व अभ्यासक मंडळी